रिनोमामाचे हलके बूट

छपरावर दगडी पाट्या बसवणाऱ्या माणसाचे गुडघे पन्नाशीलाच हात टेकतात. ओत्तोरिनो, म्हणजे आमचा रिनो, सत्तावन्नचा होता. दिवसभर उतरत्या छपरावर गुडघे टेकून बसायचं, पाटी उचलायची, ठोकून बघायची, बसवायची. संध्याकाळी घरी आला की तो चुलीजवळच्या खुर्चीत बसे आणि त्याची बायको देल्फिना ताट पुढे आणीपर्यंत डोळे मिटून घेई. ती विचारायची, "झोपलास का रे?" तो म्हणायचा, "नाही, विचार करतोय." कसला विचार न् कसलं काय! माणूस दमलेला असायचा, दुसरं काही नाही.

बरं, हिवाळ्यात छपरं बर्फाखाली गेली की शहाण्या माणसाने गप घरात बसावं की नाही? पण रिनो आमच्या खोऱ्याच्या बचाव पथकात होता, तोही पहिल्या तुकडीत. डोंगरात कुणी अडकलं, पाय मोडून पडलं, की पहिली तुकडी पायांत स्की बांधून सुटते. स्कीच्या तळाला केसाळ पट्ट्या चिकटवलेल्या असतात, त्यांच्या जोरावर चढ चढायचा. औषधं, पांघरुणं आणि जखमीला बर्फावरून घसरवत खाली आणायची, दोन भागांत सुटणारी डोली पाठीवर. दुसरी तुकडी बाकीचं जड सामान घेऊन मागून सावकाश येते. हवा स्वच्छ असेल तर हेलिकॉप्टर येतं आणि आम्ही खालूनच मान वर करून बघतो. पण धुकं उतरलं की हेलिकॉप्टर बसतं घरी, आणि जावं लागतं रिनोसारख्यांना.

पहिल्या तुकडीत कोण, हे आमच्याकडे कुणी ठरवत नाही. घंटा ठरवते. डिसेंबरच्या पहिल्या रविवारी सकाळची प्रार्थना आटोपली की सगळं पथक चर्चच्या पायऱ्यांवरून निघतं आणि वरच्या कुरणातल्या दगडी हौदापर्यंत चढतं. दुपारची घंटा व्हायच्या आत ज्याचा हात हौदाला लागला, तो त्या हिवाळ्यात पहिल्या तुकडीत. नाही लागला, तर दुसरीत. त्यावर कुणी वाद घालत नाही, कुणी समजूतही काढत नाही. आमचे आजे-पणजे असंच करत आले.

रिनो तीस हिवाळे घंटेच्या आत पोचला होता. गेल्या वर्षीही पोचला, पण कसा? फेस आला तोंडाला. शेवटच्या चढावर त्याला वाटलं, संपलं, आता वाजणार. पण घंटा वाजलीच नाही. त्याने हौदावर हात टेकला, दोन श्वास घेतले, आणि मग खालून टण् टण् ऐकू आलं. गडी पोरासारखा हसला. त्या दिवशी घरी येऊन त्याने देल्फिनाला पिझ्झोक्केरी, म्हणजे आमच्याकडच्या जाड शेवया, करायला लावली आणि कोबी, बटाटे, चीज, लोणी सगळं दुप्पट घालून घेतलं.

वसंत ऋतूत मात्र घोटाळा झाला. चर्चची घंटा वाजवणारा एवारिस्तो हा रिनोचा लहानपणापासूनचा दोस्त. गुत्त्यात दोन पेले पोटात गेल्यावर त्याची जीभ सैल झाली.

"मेल्या, तुझ्यापायी माझे हात भरून आले होते त्या दिवशी. दोरी धरून नुसता उभा! तुझ्या भाच्याचा फोन, म्हणे मामा दिसतोय वळणावर, जरा थांब. मी म्हटलं, किती थांबू? देव बघतोय वरून! तर म्हणे, देवालाही थांबव."

सगळे खो खो हसले. रिनोही हसला. घरी येऊन मात्र तो जेवला नाही.

भाचा म्हणजे डेनिस, रिनोच्या बहिणीचा मुलगा. पथकाचा नवा प्रमुख. त्याला स्कीवर उभं केलं ते रिनोने. बर्फ कसा ऐकायचा, कुठल्या उतारावर पाऊल टाकायचं नाही, सगळं मामाने शिकवलं. आणि त्या पोराने मामावर दया करावी? सबंध उन्हाळा रिनो छपरांवर पाट्या ठोकत होता आणि प्रत्येक ठोक्याला हेच मनात येत होतं. डेनिसला त्याने विचारलं नाही. काय विचारणार? माझी कीव आली का रे तुला, असं? अशा गोष्टी विचारायची पद्धत आमच्या खोऱ्यात नाही. इथे माणसं मूग गिळून बसतात आणि पोटात दुखलं की हवेला दोष देतात.

त्याने मनाशी एकच ठरवलं. या डिसेंबरला आपल्यासाठी कुणी दोरी धरून उभं राहायला नको. घंटेच्या आधी पोचायचं, चांगलं आधी पोचायचं. नाहीतर आपणहून नाव काढून घ्यायचं आणि पुन्हा डोंगराकडे बघायचं नाही.

गुडघे काही बदलून मिळत नव्हते. बूट मिळत होते.

ऑक्टोबरात एका शनिवारी तो खाली सोंद्रिओ शहरात कातियाच्या स्कीच्या दुकानात गेला. कातियाचा बाप त्याच्याबरोबर पथकात होता. दुकान आता तीच चालवते, आणि चालवते म्हणजे कशी, गिऱ्हाईक दारातून आत येताना त्याची चाल बघून माप सांगते.

"या रिनोकाका! शेवटी आलात म्हणायचं. ते जुने रणगाडे घालून आणखी किती वर्षं हिंडणार होतात?"

"चढायला हलके हवेत," रिनो म्हणाला. नमस्कार-चमत्कार काही नाही.

तिने तीन जोड काढून समोर मांडले. पहिला रिनोच्या जुन्या बुटांचाच नवा भाऊ, चार बकलांचा, ठोकळा. दुसरा त्याहून सडपातळ, तीन बकलं. तिसरा तिने जरा मागेच ठेवला होता. रिनोने नेमका तोच उचलला आणि त्याचा हात अनपेक्षितपणे वर गेला. किलोभरसुद्धा नसेल. काळा, पातळ, पिंडरीभोवती कागदासारखं काहीतरी.

"ते शर्यतवाल्यांचे," कातिया म्हणाली. "मागची एक कळ ओढली की घोटा बांधला जातो, सोडली की मोकळा. चढताना पायात काही आहे असं वाटतच नाही."

"मग झालं की."

"झालं कसं? बसा आधी. पाय द्या इकडे." तिने त्याचा मोजा काढून पाऊल हातात घेतलं, टाचेला बोट लावलं, घोट्याची हाडं चाचपली. "पुढचा पाय रुंद आहे तुमचा. आतलं अस्तर तापवून पायाच्या आकाराचं करता येईल, ते सोडा. पण रिनोकाका, हा बूट चढतो, उतरत नाही. उतरताना नडगीचा सगळा भार बुटाच्या जिभेवर येतो ना? याला जीभच नाही म्हणा. एकटा, हलका, पंचविशीतला पोरगा असेल तर ठीक. उतरताना तुमच्याबरोबर वजन किती असणार?"

रिनोने खिडकीबाहेर बघितलं. आता तोंडाने एवढंच म्हणायचं होतं की जखमीला उतरवताना डोलीचे दांडे मीच धरतो. कातियाला ते आठवायला हवं होतं, बापाकडून ऐकलंही असेल. पण आता काकांचं वय झालं, दांडे दुसरंच कुणी धरत असेल, असं तिला वाटलं असावं.

"माझं मीच," रिनो म्हणाला. "आणि एक पिशवी."

"मग मधला घ्या. ऐका माझं. थोडा जड आहे, पण उभा तरी राहतो. घालून चालून तर बघा."

तो मधला घालून दुकानात दोन फेऱ्या चालला. चांगला होता. खरं सांगायचं तर फार चांगला होता. मग त्याने तिसरा घातला, कळ सोडली आणि दुकानातल्या लाकडी जिन्यावरून वर गेला. गुडघा बोललाच नाही! कितीतरी वर्षांनी गुडघा जिना चढताना गप बसला. रिनो खाली उतरला आणि पुन्हा एकदा वर गेला.

"हेच दे," तो म्हणाला.

"काका, हट्टाला पेटलात तुम्ही."

"पेटलोय. दे."

"बुटाचा तळ तुमच्या जुन्यापेक्षा आखूड आहे. म्हणजे स्कीवरची पकड काढून पुढे सरकवून बसवावी लागेल. मग जुने बूट त्या स्कीवर बसायचे नाहीत, कळलं ना? नंतर म्हणाल, कातियाने सांगितलं नाही."

"सरकव."

डिसेंबरच्या रविवारी रिनो जो निघाला तो निघालाच. जवान पोरं मागे राहिली. पाय आपोआप पुढे सरकत होते, जणू ते दुसऱ्याच कुणाचे होते. हौदावर हात टेकून झाला, पिशवीतून ब्रेड आणि सुकवलेलं मांस काढून अर्धं खाऊन झालं, तरी घंटेचा पत्ता नव्हता. डेनिस धापा टाकत आला.

"मामा! काय खाऊन आलास रे?"

"तुझ्या आईच्या हातचं तरी नक्कीच नाही."

पोरं हसली. डेनिस हसता हसता थांबला. त्याची नजर मामाच्या पायांकडे गेली आणि तिथेच राहिली.

"नवीन?"

"दिसत नाही का?"

"हलके आहेत." मग जरा थांबून, "उतरायला कसे आहेत?"

"बूट आहेत. पायात घालायचे. तू माझ्या बुटांची चौकशी करू नको, पोरांची कर."

डेनिस पोरांकडे वळला. मामाला उलट बोलायची त्याची बिशाद नव्हती, प्रमुख असला म्हणून काय झालं. दरवर्षी त्या दिवशी डोलीचा सराव होतो, पण खाली बर्फ पातळ होता, दगड वर आले होते, म्हणून तो राहून गेला. रिनो एकटाच सगळ्यांच्या मागून खाली आला. पहिल्याच वळणाला नडगी पुढे झुकली आणि तिला टेकायला काही मिळालं नाही. पिंडऱ्या पेटल्या. खाली पोचेपर्यंत मांड्यांचा लगदा झाला होता. गाडीपाशी तो बराच वेळ बुटांच्या कळा सोडवत बसला, म्हणजे उभं राहायला नको.

देल्फिनाने विचारलं, "कसे आहेत बूट?"

"पहिला आलो," तो म्हणाला. प्रश्नाचं हे उत्तर नव्हतं, पण तिने सोडून दिलं.

फेब्रुवारीत बोलावणं आलं. भर दुपार, आणि धुकं असं की समोरचं चर्च दिसेना. वरच्या खिंडीखाली लेक्को शहरातली एक बाई पडली होती. नडगी मोडली होती, सोबतच्या मैत्रिणीने फोन केला होता. हेलिकॉप्टर येणार नव्हतं. पहिली तुकडी सुटली आणि रिनो सगळ्यांच्या पुढे निघून गेला.

तो पोचला तेव्हा बाई पांढरीफटक पडली होती, दात वाजत होते. मैत्रीण रडत होती. रिनोने आपलं जाड जाकीट बाईला घातलं, तिच्या पाठीखाली पिशवी सरकवली आणि तिचे दोन्ही हात आपल्या हातांत धरून चोळत बसला.

"डॉक्टर आहात तुम्ही?" तिने विचारलं.

"नाही हो. छपरं बांधतो."

तिला तशाही अवस्थेत हसू फुटलं. रिनोला बरं वाटलं. यासाठीच तर आपण पहिले यायचं, त्याने मनात म्हटलं. मग डेनिस आणि दोन पोरं डोलीचे भाग घेऊन आली. पाय फळीला बांधायला, बाईला पांघरुणात गुंडाळून डोलीत निजवायला बराच वेळ गेला. तेवढ्यात दुसरी तुकडीही मागून येऊन पोचली, जड सामानासकट. आणि मग कुणी न सांगता सगळे बाजूला झाले. डोलीच्या पुढचे दोन दांडे मोकळे राहिले. ती रिनोची जागा होती. दांड्यांच्या मधे उभं राहून, पाठीमागच्या डोलीतल्या माणसाचं सगळं वजन अंगावर घेत, नडग्यांनी बूट दाबत, कड्याच्या अंगाने इंच इंच खाली सरकायचं. तीस वर्षं ते त्यानेच केलं होतं.

रिनो दांड्यांमधे उभा राहिला. डेनिसने मागची दोरी जराशी सैल सोडली, वजन अंदाजायला. वजन रिनोच्या हातांत आलं, हातांतून कमरेत, कमरेतून घोट्यात. आणि घोटा लवला. बूट ओल्या पुठ्ठ्यासारखा पुढे वाकला. खाली अरुंद घळ होती, कडक बर्फाची, दोन्ही बाजूंना खडक.

त्याला वाटलं, उतरू हळूहळू. सांभाळून. कुणाला कळणार नाही. मग त्याने मागे वळून डोलीतल्या बाईकडे बघितलं. ती त्याच्याकडेच बघत होती, अगदी विश्वासाने, छपरं बांधणाऱ्याकडे.

"डेनिस," तो म्हणाला. "मला नाही जमणार. या बुटांवर नाही."

 धुक्यात पोरांचे चेहरे धड दिसतही नव्हते, एवढंच काय ते बरं.

डेनिसचा मात्र तोल गेला. डिसेंबरपासून दाबून ठेवलेलं एकदम बाहेर आलं.

"मग मी घंटा कशासाठी थांबवली होती रे मामा? कशासाठी? चढायला माझ्याकडे गाढवं पुष्कळ आहेत! ही बघ, उभी आहेत! उतरवायला तू एकटा आहेस! या अख्ख्या खोऱ्यात एकटा! आणि तू जाऊन हे नाचायचे बूट आणलेस!"

रिनोला तोंडात मारल्यासारखं झालं. दया नव्हती ती. सबंध उन्हाळा, एकेका पाटीवर हातोडा मारत, त्याने स्वतःला जे सांगितलं होतं ते सगळं खोटं होतं. आणि ते खोटं त्याने पायात घातलं होतं.

डोलीतून बाईचा आवाज आला, "काही अडचण आहे का?"

"नाही बाई," रिनो म्हणाला. "घरगुती भांडण आहे. आमच्याकडे असं डोंगरावरच मिटवतात."

डेनिसने दांडे घेतले. रिनो मागच्या दोरीला गेला. घळ उतरताना डेनिस चांगला होता, पण मामा नव्हता. एका ठिकाणी डोली तिरकी होऊन खडकाकडे घसरली आणि बाई किंचाळली. रिनोच्या बुटांत दम नव्हता, म्हणून त्याने पायांचा नाद सोडला आणि अख्खं अंग बर्फात झोकून दिलं. कमरेवर पडला, दोरी बगलेत धरली, हिसका बसला तेव्हा खांद्यातून कळ डोक्यापर्यंत गेली. डोली थांबली. तो तसाच पडून राहिला, डेनिसने "हां, सोड आता" म्हणेपर्यंत. मग उठला. पुढे आणखी दोनदा तसाच पडला, तसाच उठला.

रस्त्यावर अँब्युलन्स उभी होती. बाई गेली. जाताना तिने जाकीट परत करायला हात वर केला, रिनो म्हणाला, राहू दे, पुढच्या वेळी चहाला याल तेव्हा आणा. पोरं गाड्यांत बसून निघून गेली. डेनिस आपल्या गाडीच्या मागच्या फळीवर बसला होता. दोन्ही हात मांड्यांवर ठेवले होते, हातमोजेही काढले नव्हते.

रिनो त्याच्या शेजारी बसला. बसायला त्याला बराच वेळ लागला.

"चांगलं उतरवलंस."

"मारलं असतं तिला मी."

"नाही मारलंस ना? मग झालं." रिनोने बुटांवरचा बर्फ झटकला. "डेनिस, डोली दुसऱ्या तुकडीकडे दे. जखमी माणसाला बांधेपर्यंत दुसरी तुकडी येतेच की. आज नाही का आली?"

"डोली पहिल्या तुकडीतच असते, मामा. कायम असते."

"असते. आता नसेल. आणि डोलीबरोबर मीही दुसरीत. जुने बूट, स्कीवरची पकड परत मागे सरकवून घेतो, सावकाश. तुम्ही गाढवांनी पुढे जायचं, मी आलो की दांडे मोकळे ठेवायचे."

डेनिसने मान वर केली. दुसऱ्या तुकडीत जा, हे मामाला सांगायची वेळ आपल्यावर येऊ नये म्हणून तो दोन वर्षं देवाला साकडं घालत होता. आता मामाच ते म्हणत होता आणि त्याला ऐकवत नव्हतं.

"मगाशी ओरडलो मी..."

"ओरडलास ते बरं केलंस. गेल्या वर्षीच ओरडला असतास तर माझी मेहनत वाचली असती."

रिनो घरी आला तेव्हा देल्फिना दारातच उभी होती. त्याची कंबर वाकडी, जाकीट गायब, चेहरा राखेसारखा. तिने खुर्ची पुढे ओढली. तो बसला, खाली वाकायला गेला आणि वाकताच येईना. तिने जमिनीवर बसकण मारली, कळ ओढली आणि एकेक बूट ओढून काढला.

"दमलो ग," रिनो म्हणाला. आणि एकदा ते तोंडातून बाहेर पडल्यावर त्याला आवरेना. डोळे भरून आले, नाक वाहायला लागलं. "फार दमलो देल्फिना. किती वर्षं झाली, दमलोयच मी. आणि मला वाटायचं, मी सगळ्यांच्या आधी वर पोचतो म्हणून मला विचारतात. तसं नव्हतंच ग कधी. मी खाली आणतो म्हणून विचारत होते. मलाच कळलं नाही."

देल्फिनाने त्याचे गारठलेले पाय मांडीवर घेतले आणि हातांनी दाबू लागली.

"तुलाच नाही कळलं," ती म्हणाली. "तीस वर्षं या खिडकीत बसून मी कसली वाट बघत होते? तू वर पोचायची, की खाली यायची? कुणालाही विचार या गावात."

रिनोने बाहीने नाक पुसलं. तिने पाय चांगले ऊन होईपर्यंत दाबले, मग उठली आणि सूप गरम करायला ठेवलं.